क्विंटलमागे दोन किलो

गोणीवर छापलंय : थंड, कोरड्या जागी ठेवा.
मे महिन्यात, दारव्ह्याच्या अलीकडं, पत्र्याखाली
थंड म्हणून जागा एकच : रांजणाची कूस.
व्हिटॅमिनची पुडी तिथंच ठेवलीय, तीन पिशव्यांत गुंडाळून.
माय रोज विचारते,
"काय व्हय रे हे, पाण्याले लावलेलं लेकरू?"

ताडपत्रीवर मक्याचा भरडा, तुरीची चुनी,
कोंडा, भुईमुगाची ढेप.
सरकीची ढेप बंद केली.
सरकी लोह धरून बसते, उईके मॅडम म्हणाल्या,
स्वस्त असली तरी.

खनिज थेट ढिगात टाकायचं नाही.
आधी मूठभर पिठात, मग घमेलंभर पिठात,
मग सगळ्यात, फावड्यानं चारदा उलटून.
नाहीतर एकाच्या तोंडात सगळं
आणि बाकीच्यांना नुसता वास.
(पंचायतीत असंच होतं, पण ते राहू द्या.)

बाबाच्या काळी हिशेब नव्हता.
डुकरं सकाळी सुटायची,
नाल्याकाठी, उकिरड्यावर, बाभळीच्या मुळाशी
थुतरीनं जमीन वाचत फिरायची,
सांजेला डबा वाजवला की परत.
मग गावाची नोटीस आली, मग योजना आली,
मग आलं सिमेंट, धुता येणारं, उताराचं, हिरव्या गेटाचं.
फोटोत छान दिसलं.

सिमेंटवरची पहिली वीत
तिसऱ्या आठवड्यात पांढरी पडली.
चार पावलं चालली की धाप.
मॅडमनी एका पिल्लाचा कान उन्हात धरला.
पलीकडची माझी बोटं दिसत होती त्यातून.
"लोह नाही. तिसऱ्या दिवशीच सुई द्यायला पाहिजे होती.
आईच्या दुधात नसतं एवढं. पूर्वी ही माती चाटायची,
इथं काय चाटतील?"

बाबा गेटापाशी बसला होता. काही बोलला नाही.
घमेलं घेऊन उठला,
नाल्याकाठची माती आणून ओतली कोपऱ्यात.
मॅडम म्हणाल्या, बाबा, तिथं जंताची अंडी असतात,
डुकरं फिरली नाहीत तिथली आणा.
बाबा हसला. "अशी जागा म्या ठेवली काय व बाई?"
तरी गेला. टेकडीपर्यंत गेला.
लाल माती आणली, भर उन्हात, डोक्यावर.

मी मात्र शिकलेला.
दोन किलोनं हाडं होतात, तर चार किलोनं काय होतील?
वरून चुनकळीची पूड, दोन ओंजळी.
महिन्यात पिल्लांच्या पोटाखाली खपल्या धरल्या,
मग पायांवर, मग पाठीवर,
तळं आटल्यावर गाळ तडकतो तशा.
मला वाटलं खरूज. गंधक चोळलं, तेल चोळलं.
मॅडमनी गोणी पाहिली, मग चुन्याचा डबा पाहिला,
मग मला पाहिलं.
"कॅल्शियमनं जस्ताची वाट अडवली."
एवढंच.
जस्त कशात किती असतं, ते त्या रात्री मी
मोबाईलच्या उजेडात वाचत बसलो.
इतकं थोडं, की तराजूत येत नाही.
आणि तेवढ्यावाचून कातडं कातडं राहत नाही.

आता काटा घेतलाय, ग्रॅम दाखवणारा.
पुण्याच्या दुकानात सोनं तोलतात तसला, माय सांगते सगळ्यांना.
पुण्याला ती गेलेली नाही.

मोनाली सातवीत आहे.
सोमवारी शाळेत निळी गोळी देतात, खाल्ली की मळमळतं म्हणते.
काल गव्हाणीत, भरड्याच्या कडेला,
एक निळी गोळी सापडली. आणि एक अर्धी, चाटलेली.
"त्या बारक्याले देत होती," ती म्हणाली,
"त्याले कोनी धसू देत नाही गव्हाणीत."

रागवायचं होतं मला.
तोंड उघडलंही होतं.
पण ती दारात उभी होती, मागून ऊन येत होतं,
मी पुढं झालो, आणि काही न बोलता
तिचा कान
दोन बोटांत धरला, उजेडाकडं.